सुरंगीचा थर

करळवाडीच्या शाळेत मुलं उरली नव्हती, म्हणून तिथे खाडी आणून ठेवली.

खरी खाडी होती तिथेच होती. शाळेच्या उतारावर उभं राहिलं की बांधापलीकडे तिचं पाणी दिसायचं. शाळेतली खाडी जुनी होती. सातवीच्या वर्गाला आतून काळं कापड मारून, छताला प्रक्षेपक आणि कोपऱ्यात वास सोडणारी पेटी बसवून शलाका कोयंडेने तिथे मागच्या दोनशे वर्षांतलं हवं ते वर्ष उभं करायची सोय केली होती. आत पाऊल टाकलं की कांदळवनाचा ओला, किंचित आंबूस वास नाकात शिरायचा. कुठेतरी खंड्या ओरडायचा. चिखलातून खेकड्यांची बारीक चटचट ऐकू यायची आणि समोर सगळं पाणीच पाणी. फार मागे गेलं तर बांध नाही, तरीचा धक्का नाही, एक घर नाही. गावाने त्या वर्गाला 'मागली खाडी' असं नाव ठेवलं आणि लोक सिनेमाला जावं तसे धुतलेले कपडे घालून यायला लागले.

पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने विचारलं, ह्यात माणसं कुठे आहेत? शलाकाने सांगितलं की हे यंत्र माणसं दाखवत नाही. माणसं नाहीत तर मग ही आमची खाडी कशावरून, असं म्हणून तो बाहेर जाऊन विडी ओढत बसला.

हे कौतुक काही करमणुकीसाठी चाललेलं नव्हतं. २०४८ साल होतं आणि समुद्र चढत होता. करळवाडीच्या पूर्वजांनी खाडीला बांध घालून भातजमीन मिळवली होती. असल्या जमिनीला खाजण म्हणतात. आता दर उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला लागायचं, खाजण मिठाने गेलं होतं आणि विहिरी मचूळ झाल्या होत्या. एखाद्या पावसाळ्यात बांध आपणहून फुटणार आणि समोर येईल ते घेऊन जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून सरकारने ठरवलं की तो बेताने, माणसाच्या हाताने उघडायचा, पाणी आत घ्यायचं आणि तिथे पुन्हा कांदळवन वाढवायचं. कुठे कोणतं झाड लावायचं ते जुन्या किनाऱ्याला विचारून ठरवायचं होतं, आणि जुन्या किनाऱ्याशी बोलणं हे शलाकाचं काम होतं. पणजीच्या एका संस्थेत ती परागकणांची अभ्यासक होती.

वाडी वर सड्यावर हलली होती, तांबड्या कातळावरच्या नव्या घरांच्या रांगांत. खाली एकच घर राहिलं होतं, बांधाच्या दाराला लागून. ते शलाकाच्या वडिलांचं होतं आणि ते तिथून हलायला तयार नव्हते.

वामन कोयंडे म्हणजे शलाकाचे आबा. जन्मभर बांधाच्या दाराची राखण केलेला माणूस. भरतीच्या आधी दाराच्या फळ्या खाली टाकायच्या, ओहोटीला उचलायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, एवढंच ते काम. पण ते एकदा चुकलं की सगळ्या वाडीचं वर्ष बुडायचं. आता राखायला काही उरलं नव्हतं, तरी अठ्याहत्तराव्या वर्षी ते भरती-ओहोटीला उठून फळ्या खालीवर करत होते. तलाठी येऊन गेला, सरपंच येऊन गेले, डॉक्टरही येऊन गेले. आबा सगळ्यांना चहा पाजायचे आणि ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

"तू माका सड्यार न्हेवन काय करतलस?" एवढंच ते शलाकाला म्हणायचे. "मी जावचंय नाय."

जानेवारीत बांध उघडायचा होता. तोवर त्यांना वर आणते, असं शलाकाने बांधाच्या कामावरच्या सरकारी साहेबांना सांगून ठेवलं होतं. नाही आणलं तर पोलीस त्यांना उचलून नेणार होते. आबांना कोणी असं उचललं तर सड्यावर पोचेल ते त्यांचं शरीरच असेल, याची तिला खात्री होती. म्हणून ती रोज संध्याकाळी शाळेतून खाली उतरायची आणि रोज तोच विषय काढून तेवढंच ऐकून परत यायची.

दोघांमध्ये तसं बोलणं कधीच फार नव्हतं. घरात तिसरं माणूस असतं तर कदाचित झालं असतं. शलाका सात वर्षांची असताना तिची आई मुंबईला निघून गेली होती. शिमग्याचे दिवस होते, शलाका आजोळी होती. परत आली तेव्हा आई नव्हती. कोणाबरोबर गेली ते कोणी सांगितलं नाही, पण कोणाबरोबर तरी गेली, हे वाडीत सगळ्यांच्या बोलण्यातून कळायचं. त्यानंतर मामा या घराची पायरी चढला नाही. शलाकाने आधी आईची वाट पाहिली, मग वाट पाहणं बंद केलं आणि मग तिचा द्वेष केला, अगदी मन लावून. स्वतःच्या लग्नपत्रिकेत तिने आईचं नाव छापू दिलं नव्हतं. प्रमिला हे नाव ऐकलं की आजही तिच्या कपाळाला आठी पडायची.

आता या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

परागकण म्हणजे फुलाच्या केसरातली पूड. पण तिच्यावर असं चिवट कवच असतं की वाळू विरघळवणाऱ्या आम्लातही ती टिकते. दर जातीच्या झाडाचा कण वेगळ्या घाटाचा, त्यामुळे हजार वर्षं गाळात पडलेला कणसुद्धा आपण कोणाचे ते सांगतो. नळी ठोकून गाळाचा उभा दांडा काढायचा आणि वरून खाली वाचत जायचं. करळच्या खाडीत ते फार सोपं होतं. पावसाळ्यात डोंगरावरची तांबडी माती येऊन बसते, उरलेल्या महिन्यांत भरती काळा चिकण गाळ आणते. एक तांबडा आणि एक काळा पट्टा म्हणजे एक वर्ष.

शलाकाचा 'गाळवाचक' याच्या पुढे जायचा. परागकणांबरोबर तो काचेसारखं कवच असलेली सूक्ष्म शेवाळं मोजायचा, म्हणजे त्या वर्षी पाणी किती खारं होतं ते कळायचं. गाळात शिल्लक राहिलेले झाडापेडांचे, माशापक्ष्यांचे जनुकांश तो वाचायचा. त्यातून कुठे काय उगवत होतं, कोण ओरडत होतं, कशाचा वास येत होता याचा हिशेब करून ते सगळं तो वर्गात उभं करायचा.

माणसांचे अंशही गाळात असतातच. माणूस खाडीत आंघोळ करतो, थुंकतो, पाय कापून घेतो. पण असली यंत्रं आल्यावर लोकांनी एकमेकांच्या पूर्वजांची लफडी खणून काढायला सुरुवात केली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि कायदा आला. तेव्हापासून माणसाचा किरकोळ अंश सापडला तर यंत्र तो गुपचूप गाळून टाकतं. एकाच जागी फार सापडला तर ती जागाच झाकून टाकतं. तिथे चित्र नाही, आवाज नाही, वास नाही, नुसता राखाडी ठिपका. तो उघडायचा हक्क फक्त रक्ताच्या नातेवाइकाला, आणि तोही स्वतःचं रक्त देऊन.

मार्चमध्ये शलाकाने बांधाच्या दाराबाहेरच्या डोहात पहिली नळी ठोकली. त्या दिवशी तिच्या केसांत सुरंगीचा वळेसर होता. परागकण मोजणाऱ्या बाईने फूल माळून कामाला जाणं म्हणजे दुधाच्या चरवीवर लिंबू पिळत बसणं. पण सुरंगी फुलते महिनाभर, तिचा पिवळाधमक गजरा बाजारात समोर येतो, आणि त्या मुलखातली बाई मोसमात वळेसर नाकारू शकत नाही. पंधरा दिवसांनी पणजीहून तिचा सहकारी सावियो फोनवर हसत हसत म्हणाला की बाईसाहेब, तुमचा गजरा गाळात आला आहे, काळ्या पट्ट्यांत सगळीकडे सुरंगी दिसते. शलाका खजील झाली आणि तिने सगळ्या मोजणीतून सुरंगी खोडून टाकली.

ऑक्टोबरमध्ये तिने त्याच डोहात दुसरी नळी ठोकली. या वेळी केसांत काही नव्हतं आणि सुरंगीच्या झाडांवर पानांखेरीज काही नव्हतं. तरी सुरंगी आली.

भाताचा कण वाऱ्याबरोबर येतो. सुरंगी तशी येत नाही. तिचे कण जड आणि चिकट, मधमाशी नेईल तेवढेच जायचे, बाकीचे झाडाखाली पडायचे. आणि दाराजवळ सुरंगीचं एकही झाड नव्हतं. कोणीतरी ही फुलं आपल्या हाताने पाण्यात टाकली होती. एकदा नव्हे. वरून खाली पट्टे मोजत गेलं तर प्रत्येक काळ्या पट्ट्याच्या मधोमध, ऐन मोसमाच्या जागी, सुरंगीचा एक पुंजका होता. सलग चौतीस वर्षं. त्याच्या खाली एकही नाही.

शलाकाने आपल्या एक्केचाळीस वर्षांतून चौतीस वजा केले. सात उरले.

बांध कुठे उघडायचा ते ठरवायला खुद्द बांधातूनही एक नळी काढलेली होती, दाराच्या अगदी बाजूला. त्यात पट्टे नव्हते. नुसती तांबडी माती, दगड, माडाच्या खोडाचे तुकडे. घाईघाईने कोणीतरी बुजवलेलं एक मोठं खिंडार. पुरुषभर खाली त्या मातीत सुरंगी होती, डोहात होती त्याच्या कितीतरी पट. आणि तिथेच यंत्राने राखाडी ठिपका टाकला होता.

तिने वर्गात आई गेली ते वर्ष लावलं. आता समोर बांध होता, आत हिरवंगार वायंगण म्हणजे उन्हाळी भात उभं होतं, चरांत बगळे होते. दाराजवळ मात्र राखाडी जागा होती, बसलेल्या माणसाएवढी. तिच्याजवळ गेलं की खेकड्यांचा आवाज बंद व्हायचा, पाण्याचा बंद व्हायचा, मागे सरकलं की पुन्हा सुरू व्हायचा.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या तीन म्हाताऱ्या वायंगण बघायला म्हणून आल्या. त्यात शेजारची सगुणाकाकी होती. आई गेल्यावर शलाकाला न्हाऊमाखू घालणारी, शाळेचा डबा देणारी, मायेची बाई. तिघींनी दारात चपला काढल्या. भाताकडे बोट दाखवत त्या हसत पुढे गेल्या आणि राखाडी जागेपाशी हसायच्या थांबल्या. त्यांनी तिला वळसा घातला, देवळात घालतात तसा, आणि सगुणाकाकीचे हात आपोआप जोडले गेले. काय झालं म्हणून शलाकाने विचारलं तेव्हा डोळ्यांत धूळ गेली म्हणून ती बाहेर पडली. त्यानंतर तिघींपैकी एकही शाळेकडे फिरकली नाही.

शलाका मात्र रोज तिथे बसायला लागली. मुलांचं एक बाक ओढून ती राखाडी जागेसमोर बसायची. काम आहे असं स्वतःला सांगायची, पण काम काही करायची नाही. फोनवर बोलताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. एकदा वायर ओढताना ती सहज म्हणून गेली, "जरा सरक गे." मग ती वायर तिथेच टाकून उन्हात येऊन उभी राहिली. तिला भीती वाटत होती. राखाडी जागेत आई असेल याची भीती होती आणि नसेल याचीही तेवढीच होती. आई मुंबईत कुठेतरी सुखात म्हातारी झाली असेल तर तिचा राग जिथल्या तिथे राहणार होता, आणि त्या रागाची तिला जन्मभराची सवय होती.

शेवटी एका दुपारी तिने सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राला दिला. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि नातं सांगितलं: आई.

राखाडी ठिपका गेला. त्या जागी कोणी उभं राहिलं नाही. ते यंत्राला येतच नव्हतं. फक्त कोपऱ्यातल्या पेटीतून सुरंगीचा वास आला, आणि इतका आला की शलाकाला दार उघडून बाहेर यावं लागलं. ती शाळेच्या पायरीवर बसून रडली. चौतीस वर्षं ज्या बाईला आपण शिव्या दिल्या ती घरापासून हाकेच्या अंतरावर होती, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

आबा दाराच्या दगडावर बसले होते. ओहोटी लागली होती आणि त्यांनी फळ्या नुकत्याच उचलल्या होत्या. शलाका समोर जाऊन उभी राहिली.

"आबा, आई बांधात असा."

आबांनी मान वर केली नाही. "असा," ते म्हणाले.

"तुमका कधीपास्ना म्हायत?"

"तिसऱ्या दिसापास्ना."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, मध्येच पाण्याकडे बघत. शिमग्याची पौर्णिमा म्हणजे वर्षातलं मोठं उधाण, आणि ते भरदुपारी येतं. त्या दिवशी गावात रोंबाटाची मिरवणूक होती. ढोल वाजत होते, सगळे पुरुष नाचत होते आणि आबाही नाचत होते. फळ्या टाकून येतो, येतो म्हणता त्यांचा पाय निघाला नाही. उघड्या दारातून पाणी घुसलं आणि बाजूचा बांध खचायला लागला. आत वायंगण कापणीला आलेलं. प्रमिलाने ते पाहिलं आणि शेजारणींना हाका मारत ती धावली. बायकांनी पाट्या भरभरून माती टाकली, प्रमिला केसांतल्या सुरंगीच्या वळेसरासकट फळ्या बसवायला खाली उतरली. पुरुष आले तोवर खिंडार अर्धं भरलं होतं. त्यांनी दगड टाकले, माडाची खोडं टाकली. बांध वाचला. सगळ्यांनी चहा घेतला आणि तेव्हा कुठे आबांनी विचारलं की प्रमिला कुठे आहे.

दोन दिवस होड्या घालून खाडी शोधली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी उच्चार करत नव्हतं. बांध खणायचा तर उधाण अजून उतरलं नव्हतं. वायंगण जाणार, विहिरी जाणार, वाडी उठणार. गावकरी देवळात जमले आणि देवाला कौल लावला. बांध उघडायचा का, म्हणून विचारलं. मूर्तीला लावलेली कळी उजवीकडे पडली तर हो, डावीकडे पडली तर नाही.

"कौल डावो इलो," आबा म्हणाले. "आणि माका त्या घडीक बरा वाटला. दार मीयाच उघडा टाकलेला. आता ता कोण इचारणार नाय म्हणान बरा वाटला. बाय, ह्या मी आजून कोणाक सांगूक नाय."

ती मेली म्हणून सांगितलं असतं तर पोलिसांनी प्रेत विचारलं असतं आणि बांध खणला असता. म्हणून ती मुंबईला गेली. सगळ्या वाडीने ते मूग गिळून सांभाळलं. मामाला खरं काय त्याचा संशय आला होता, म्हणून तो परत आला नाही.

शलाकाला वाटलं होतं की आपण ओरडू. तिचा आवाज मात्र अगदी साधा निघाला.

"तिका बांधात पुरलात ता एकदा, आबा. पळान गेली म्हणालात ता रोज."

आबांनी मान हलवली. ते नाकारत नव्हते. "दर सुरंगीक तिका एक वळेसर पाण्यात सोडतंय," ते म्हणाले. "म्हणान मी हय असंय. ती हयसून गेली की मी येतंय सड्यार."

ती त्या दिवशी त्यांच्याशी आणखी बोलली नाही, पुढचे आठ-दहा दिवसही नाही. बाप म्हणून त्यांच्याकडे बघितलं की तिला त्या चहाची आठवण यायची. पण काम थांबत नव्हतं. एकदा पाणी आत घेतलं की खिंडाराची माती पहिल्याच उधाणाला खाडीभर पसरणार होती आणि मग कोणाला काहीच मिळणार नव्हतं. तिने अहवालात सगळं स्वच्छ लिहिलं: ठिपका, रक्त, नातं. वर पाठवायच्या आधी तो तिने वाडीला वाचून दाखवला, सड्यावरच्या नव्या समाजमंदिरात. बायका पदराआड तोंड करून बसल्या होत्या. सरपंच दिगंबर परब चांगला माणूस, पण तोही घाबरला होता. आता चौकशी होईल, म्हाताऱ्या माणसांना पोलीस ठाण्यात नेतील, त्यापेक्षा देवाला पुन्हा एकदा कौल लावून बघूया, असं त्याने सुचवलं.

आबा दारापाशी उभे होते. बोलावलेलं नसताना ते पहिल्यांदाच सडा चढून आले होते आणि त्यांना धाप लागली होती.

"ह्या खेपेक कौल लावचो नाय," ते म्हणाले. "देवान तेव्हा आमका होया ता दिल्यान. माका इचारा. मी सांगतंय, उघडा."

कौल लागला नाही आणि अहवाल वर गेला. चौकशी झाली, जबाब झाले. आबांनी दार आपण उघडं टाकल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. इतक्या वर्षांनी कोणावर काय ठेवायचं ते अधिकाऱ्यांना समजेना. शेवटी ठरलं की जानेवारीतल्या ओहोट्यांना, मोठं पाणी नसताना, ते खिंडार आधी मोकळं करायचं आणि मगच बांध उघडायचा. यंत्राने खणायला आबांनी नकार दिला आणि शलाकानेही. सरकारी डॉक्टर, दोन पोलीस आणि फावडी घेतलेले चार गडी, एवढ्यांवर काम ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी पाणी उतरलं तेव्हा धुकं निवळत होतं. शलाका बांधावर आली आणि डॉक्टर तिला कुठून खणायचं ते विचारत होते, तेवढ्यात वरच्या पायवाटेने बायका येताना दिसल्या. सत्तरीच्या, ऐंशीच्या, एकमेकींचा हात धरून उतरणाऱ्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. प्रत्येकीच्या काखेत आपल्या घरची पाटी होती. सगळ्यांत पुढे सगुणाकाकी होती.

पोलिसाने त्यांना अडवायला हात पुढे केला. शलाकाने नको म्हणून सांगितलं.

सगुणाकाकी खिंडाराच्या काठापर्यंत आली आणि थांबली. तिने शलाकाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं नाही.

"पयली पाटी मीया घातलेली," ती म्हणाली. "ती खालसून हात वर करी हुती. माका वाटला, माती मागता."

आबा दाराच्या दगडावरून उठून उभे राहिले. मागच्या बायका जिथल्या तिथे थांबल्या. सगुणाकाकी गुडघ्यांवर बसली, गड्याने सैल केलेली माती तिने दोन्ही हातांनी ओढून पाटीत भरली आणि ती उचलायला गेली, पण तिला ती उचलेना. शलाका खाली वाकली आणि तिने पाटीचा दुसरा कान धरला.